देशाचा नेता मान्य नसेल तर : रागाचे आणि दुःखाचे काय करावे

निवडणुकीच्या निकालाच्या संध्याकाळी आमच्या गल्लीत फटाके वाजले आणि समोरच्या वहिनी पेढ्यांचा डबा घेऊन दाराशी आल्या. त्यांना माझे मत माहीत होते आणि मला त्यांचे. तरीही डबा पुढे आला, कारण सोळा वर्षांच्या शेजारात त्यांचा डबा आमचे दार वगळून कधी पुढे गेलेला नव्हता. मी पेढा घेतला, अभिनंदन म्हटले, दार लावले आणि रात्री तीन वाजेपर्यंत आढ्याकडे पाहत पडून राहिलो. त्यानंतरचे कित्येक महिने मी वाईट वागलो. टीव्हीवर ओरडलो, धाकट्या भावाशी बोलणे टाकले, आणि रक्तदाबाच्या एका गोळीच्या दोन झाल्या. त्यातून बाहेर येताना जे उपयोगी पडले ते येथे लिहितो आहे.

कोणता नेता, हे मुद्दाम लिहीत नाही. नागपुरात संघाची रेशीमबाग आणि आंबेडकरी चळवळीची दीक्षाभूमी एकमेकींपासून काही किलोमीटरच्या अंतरावर आहेत, आणि या गावात अशी घरे थोडीच असतील ज्यांनी गेल्या पन्नास वर्षांत एकदाही पराभवाची रात्र काढलेली नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि ज्यांच्या घरची माणसे तुरुंगात गेली त्यांनी मार्च १९७७ मध्ये साखर वाटली. जानेवारी १९८० मध्ये त्याच इंदिरा गांधी बहुमताने परत आल्या तेव्हा साखर पलीकडच्या घरी वाटली गेली. त्यामुळे खाली जे सांगितले आहे ते दोन्हीकडच्या वाचकांना आपापल्या पाळीला वापरता यावे.

वहीच्या पानावर उभी रेघ

बँकेत तेहतीस वर्षे खतावणी लिहिल्यामुळे असेल, मला कोणतीही गोष्ट दोन रकान्यांत मांडल्याशिवाय उमगत नाही. दुःख आणि राग एकत्र कालवलेले असतात तोवर दोन्हींचे काही करता येत नाही, म्हणून प्रथम वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे, आपले काय गेले असे वाटते ते लिहावे. उजवीकडे, कोणी काय केले म्हणून चीड येते ते लिहावे. उजवीकडच्या प्रत्येक ओळीत कर्ता आणि क्रियापद असलेच पाहिजे. ‘सगळे वाटोळे झाले’ हे वाक्य उजवीकडे चालत नाही, कारण त्यात कर्ता नाही. ते डावीकडे टाकावे, तेथे त्याला जागा आहे.

माझ्या पानावर डावीकडे पहिली ओळ अशी आली : ‘भावाशी आता क्रिकेटवर सुद्धा मोकळेपणाने बोलता येत नाही.’ दुसरी ओळ लिहायला बराच वेळ लागला : ‘ज्या देशात आपण वाढलो असे मी समजत होतो, तो देश पहिल्यापासूनच तसा नव्हता की काय, ही शंका.’ उजवीकडे ‘अमुक विधेयक पुरेशा चर्चेविना मंजूर केले’ असे होते, आणि त्याच्याच खाली ‘आत्याचे निवृत्तिवेतन चार महिने अडकवून ठेवले’ असेही होते. दोन्ही ओळी देशाच्या नेत्यावरच्या एकाच रागात मुरलेल्या होत्या. सुट्या झाल्यावर लक्षात आले की त्यांची वजने वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळ्या इमारतींमध्ये आहेत.

हे लिहिणे एका दिवसाचे काम नाही. मनाला लागलेल्या गोष्टीविषयी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, कोणाला दाखवायचे नाही अशा बोलीवर लिहायला सांगण्याचा प्रयोग जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून ती पद्धत पुष्कळ ठिकाणी वापरली गेली आहे. त्यात पहिल्या दिवशी मन अधिक जड होते, हे आधीच माहीत असलेले बरे. मला तिसऱ्या दिवशी भाषा बदललेली दिसली : शिव्या कमी झाल्या होत्या आणि तारखा वाढल्या होत्या.

डावा रकाना

दुःखाला फार उपाय करू नयेत. ज्याच्या घरी मयत झाली आहे त्याच्याजवळ जाऊन आपण युक्तिवाद करीत नाही, शेजारी बसतो. तेच येथे करावे आणि करवून घ्यावे. आम्ही चौघे शनिवारी सकाळी तर्री-पोहा खायला एकत्र येतो. चौघांपैकी तिघे एका मताचे आहेत आणि चौथ्याला राजकारणाचा कंटाळा आहे, आणि खरे तर या बैठकीचा प्राण तोच आहे. पहिली प्लेट संपेपर्यंत जे बोलायचे ते बोलून घ्यायचे, दुसरी प्लेट आली की विषय बदलायचा, असा नियम त्यानेच घातला. नियम मोडणाऱ्याने चौघांचे पैसे द्यायचे. सुरुवातीला मी दोनदा दिले.

आपल्याच मताच्या माणसांत बसावे, पण केवळ शिव्यांची बैठक असेल तर तेथून लवकर उठावे. दुःखी माणसाला ‘सगळेच चोर आहेत, तुम्ही कशाला मनाला लावून घेता’ असे म्हणणे हा दिलासा नाही. त्याला ज्या गोष्टीची चाड आहे तीच क्षुल्लक ठरवण्याचा तो प्रकार आहे. त्याउलट ‘हे मलाही लागले’ एवढे म्हटले तरी पुरते.

मात्र एक मर्यादा पाळावी. झोप मोडणे, जेवणावरची वासना जाणे, कशातच मन न लागणे, हे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर तो प्रश्न राजकारणाचा राहिलेला नाही असे समजावे आणि डॉक्टर गाठावा. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची निःशुल्क दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तो दिवसरात्र लागतो. नागपुरात मेडिकलचा, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा, मनोविकार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सरकारवर राग असताना सरकारी क्रमांक कशाला फिरवायचा, असा प्रश्न माझ्या एका मित्राने खरोखरच विचारला होता. त्याला मी एवढेच म्हटले की महापालिकेवर राग असला तरी आपण नळाचे पाणी पितो. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर शनिवारच्या पोह्यांची वाट पाहू नये; त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगावे आणि हा क्रमांक लावावा.

राग ओकल्याने जात नाही

आपल्याकडे पक्की समजूत आहे की राग बाहेर काढला म्हणजे माणूस मोकळा होतो. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आधी डिवचलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना त्या डिवचणाऱ्याचा चेहरा मनात आणून गुद्दे मारण्याच्या पिशवीवर तुटून पडायला सांगितले, काहींना व्यायामाच्या विचाराने तसेच करायला सांगितले आणि काहींना काहीच न करता नुसते बसवून ठेवले. सर्वांत अधिक संतापलेले पहिल्या गटातले निघाले. नुसते बसून राहिलेल्यांचा राग त्यांच्यापेक्षा कमी होता.

मला हे प्रयोग वाचण्याआधी घरातच ऐकायला मिळाले होते. रोज रात्री नऊच्या चर्चेत मी पडद्याशी भांडत असे. एकदा बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “तुम्ही एवढे चिडून राहिले, पण तो टीव्हीतला माणूस तुमचं ऐकून राहिला का? ऐकून तर मी राहिली न!” लाटणे थांबलेले नव्हते, आवाजही चढलेला नव्हता. त्या चर्चेचा सारा मार ज्या माणसावर पडत होता ते माणूस दहा फुटांवर उभे होते आणि त्याने त्या नेत्याला मत दिलेले नव्हते.

म्हणून बातम्यांना वेळ बांधून द्यावी. सकाळी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी एकदा मथळे, एवढे पुष्कळ होते. मोबाइलवर टणटण वाजणाऱ्या सूचना बंद कराव्यात, आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी चर्चेचे कार्यक्रम लावूच नयेत. यामुळे आपण अज्ञानात राहू अशी भीती वाटते. मला तरी असा अनुभव आला की चर्चा सोडल्यापासून मी विधेयके वाचू लागलो, कारण वेळ उरला.

येथे कोणी नागपूरकर मारबतीचे उदाहरण माझ्यावर उलटवील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत या बायकी पुतळ्यांची मिरवणूक निघते, बरोबर बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, निघतात, ‘ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगितली जाते. काळी मारबत म्हणजे इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या बांकाबाई भोसल्यांवरचा लोकांचा संताप, अशी आख्यायिका गावात आहे, आणि बडग्यांवर आजही महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत कोणाचीही गय केली जात नाही. मग हा राग ओकणेच नव्हे काय? मला फरक असा दिसतो की मारबत वर्षातून एक दिवस निघते, माणसे तिच्याभोवती हसत नाचत चालतात, आणि मिरवणूक संपली की ती जाळून लोक घरी जाऊन जेवतात. रात्री नऊची चर्चा ही रोज निघणारी आणि कधीच न जळणारी मारबत आहे. ज्यांना राग वाजतगाजत काढायचा आहे त्यांनी तान्ह्या पोळ्याला इतवारीत जावे, गर्दीत आपला गळा मोकळा करावा आणि आरोळीसाठी तोच दिवस पुरेसा मानावा.

रागाला पत्ता द्यावा

उजव्या रकान्याचे खरे काम येथे सुरू होते. देशाच्या नेत्यावरचा राग अवाढव्य असतो आणि त्याचा पत्ता हजार किलोमीटरवरचा असतो, म्हणून तो पोहोचत नाही आणि घरातच साचतो. प्रत्येक ओळीपुढे जवळचा, दार असलेला पत्ता लिहावा.

या बाबतीत आपल्या गावाने घालून दिलेला धडा जुना आहे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्याच काँग्रेस अधिवेशनात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले होते, तो राग साऱ्या साम्राज्यावरचा होता. पण १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात, ज्याच्या पुढाऱ्यांत जमनालाल बजाज होते, तो राग एका रस्त्यावर आणून ठेवला गेला : सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन जाऊ देत नाहीत, तर आम्ही तेथूनच जाणार. रोज थोडे थोडे स्वयंसेवक चरख्याचा झेंडा घेऊन निघत आणि पकडले जात. पुढे देशाच्या इतर भागांतूनही माणसे येऊ लागली, आणि ऑगस्टमध्ये मिरवणूक त्या भागातून गेली. साम्राज्य आणखी चोवीस वर्षे राहिले हे खरे आहे. तरीही त्या उन्हाळ्यात चालणाऱ्याला रोज सकाळी उठून कोठे जायचे ते माहीत होते.

माझ्या पानावरच्या आत्याच्या ओळीचे काय झाले ते सविस्तर सांगतो, कारण कृती तपशिलातच असते. केंद्र सरकारच्या एका कार्यालयाकडून येणारे तिचे कुटुंब निवृत्तिवेतन थांबले होते. खिडकीवर तीन वेळा ‘वरून आलेले नाही’ असे उत्तर मिळाले, आणि ‘वरून’ या शब्दाने मी थेट दिल्लीवर संतापलो. मग माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज केला. शुल्क दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. केंद्राच्या कार्यालयांसाठी अर्ज ऑनलाइनही करता येतो. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते : ‘एका विधवेचे निवृत्तिवेतन का थांबवले?’ माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने तो खोडला. या कायद्याखाली कार्यालयाच्या दप्तरात जे आहे तेच मिळते. ‘का’ विचारले की ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर देण्याची सोय आपणच करून देतो. त्याने लिहून दिले : ‘अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची तारीखवार नोंद, संबंधित टिप्पणीची छायाप्रत, आणि हे प्रकरण सध्या ज्या अधिकाऱ्याकडे आहे त्याचे पदनाम.’ उत्तरासाठी कायद्याने तीस दिवस आहेत. ते न आल्यास किंवा असमाधानकारक आल्यास तीस दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आमचे उत्तर तेविसाव्या दिवशी आले. आत्याचा हयातीचा दाखला दुसऱ्याच क्रमांकावर नोंदला गेला होता. दिल्लीचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

यावरून सगळाच राग अशा कारकुनी चुकांचा असतो असा अर्थ कोणी काढू नये. त्या नेत्याविषयीचे माझे मत आत्याचे पैसे आल्यावर तसूभरही बदलले नाही; पानावरची एक ओळ खोडली गेली आणि उरलेल्या ओळी अधिक स्वच्छ दिसू लागल्या, एवढेच. कायदे, धोरणे, एखाद्या समाजाला दिली जाणारी वागणूक, संस्थांचे खच्चीकरण, या ओळींना खिडकी नसते. पत्ता मात्र असतो. २०१४ च्या केंद्रीय धोरणानुसार नव्या कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांच्या सूचनांसाठी जाहीर करणे अपेक्षित आहे. ते दर वेळी पाळले जातेच असे नाही, पण जेव्हा मसुदा येतो तेव्हा त्यावर कलमवार हरकत लिहून पाठवावी. संसदेच्या समित्याही विधेयकांवर जाहिरात देऊन लेखी निवेदने मागवतात. आपण नागपूर मतदारसंघात येतो की रामटेक, हे पाहून आपल्या खासदाराला पत्र द्यावे, आणि ते खासदार सत्तापक्षाचे असले तरी द्यावे, कारण प्रतिनिधी ते आपलेही आहेत. पत्रात मत कमी आणि मागणी अधिक असावी : ‘या विषयावर या मंत्रालयाला पुढील प्रश्न विचारावा.’ एका पत्रात एकच प्रश्न, एका पानाच्या आत, पोच घेऊन. आणि मूलभूत हक्काचाच भंग झाला असेल तर उच्च न्यायालयाचे खंडपीठ याच गावात आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, ज्याच्याकडे महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांना मोफत मदत मिळू शकते. त्याचा राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे.

लिहिताना आणि बोलताना

नेत्यावर टीका करणे हा गुन्हा नाही. राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये भाषणाचे आणि निःशस्त्र, शांततेने एकत्र येण्याचे स्वातंत्र्य आहे, त्याच कलमात त्यावरचे वाजवी निर्बंधही आहेत. हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरची कठोर टीका राजद्रोह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात १९६२ सालीच सांगितले. समाजमाध्यमावरच्या मजकुरासाठी अटक करायला वापरले जाणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ २०१५ मध्ये रद्द झाले. मार्च २०२४ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप स्टेटसच्या प्रकरणात, सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे असे म्हणून त्याच न्यायालयाने गुन्हा रद्द केला. तथापि न्यायालयात सुटणे आणि मधली वर्षे सुखाने जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, म्हणून लिहिण्याआधी मर्यादा ठाऊक असाव्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचे कलम १५२ देशाचे सार्वभौमत्व व एकता धोक्यात आणण्याविषयी आहे, कलम १९६ समाजगटांत वैर वाढवण्याविषयी आणि कलम ३५३ खोट्या बातम्या व अफवा यांविषयी. माझा स्वतःचा नियम असा की निर्णयावर लिहावे आणि जातीवर, धर्मावर, नेत्याच्या आईबापांवर लिहू नये. धमकीचा वास येईल असे वाक्य विनोदानेही लिहू नये. आणि आपल्या मताला सोयीची बातमी आली की तीच आधी दोनदा तपासावी, कारण गैरसोयीची आपण आपोआप तपासतोच. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपले वर्तणूक नियम वाचल्याशिवाय काहीही जाहीर लिहू नये. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी ते १९६४ चे आणि राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे आहेत.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटाचे चालक असलेल्यांना एक गोष्ट दिलासा देईल. एखाद्या सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला, एवढ्यावरून चालकाला जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय २०२१ मध्ये आपल्या नागपूर खंडपीठानेच दिला आहे. त्यामुळे काकांच्या रोजच्या सुविचारांना आणि मधूनच येणाऱ्या विषाला दर वेळी उत्तर देण्याचे दायित्व चालकावर नाही.

रस्त्यावर उतरायचे असेल तर

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरला मोर्चे शिकवावे लागत नाहीत. १९५३ च्या नागपूर कराराने ते अधिवेशन येथे आणले. पण हे लक्षात ठेवावे की विधिमंडळ राज्याचे आहे. देशाच्या नेत्याविरुद्धचा मोर्चा तेथे नेला तर निवेदन भलत्याच टेबलावर जाते. केंद्राविषयीच्या धरण्यासाठी संविधान चौक अधिक योग्य आहे. पोलिसांकडे आधी लेखी अर्ज करावा, वेळ आणि अपेक्षित संख्या खरी लिहावी, जमावबंदीचा आदेश चालू आहे काय ते विचारावे; हे आदेश आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात, जुने लोक त्याला अजून १४४ म्हणतात.

गर्दीविषयी मात्र थांबून लिहिले पाहिजे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, अधिवेशनाच्या काळात, गोवारी समाजाच्या मोर्चात याच शहरात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली, त्यांत बायका आणि मुले पुष्कळ होती. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. आपण त्यावरून रोज गाडी नेतो. मोर्चाला जाताना लहान मुले घरी ठेवावीत, अडथळ्याच्या अगदी पुढे उभे राहू नये, बाजूची गल्ली कोणती ते आधी पाहून ठेवावे, पाण्याची बाटली आणि जवळच्या माणसाचा क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा, आणि मागून लोटालोट सुरू झाली की घोषणा सोडून कडेकडेने बाहेर पडावे. कोणी दगड उचलला तर तो आपल्या मताचा असला तरी त्याच्यापासून दूर जावे. ताब्यात घेतले गेल्यास वाद न घालता कारण विचारावे. अटकेचे कारण कळणे, वकिलाशी बोलता येणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाणे, हे हक्क राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आहेत.

घरातला समर्थक

सर्वांत अवघड हे आहे आणि यावर माझ्याकडे पक्की कृती नाही. धाकट्या भावाला तो नेता देवासमान वाटतो. मी त्याला आकडे दाखवले, त्याने मला दुसरे आकडे दाखवले; आईच्या श्राद्धाला पानावर बसलेले असताना आमचा आवाज इतका चढला की मोठ्या ताईंनी वाढता वाढता पातेले खाली ठेवले आणि म्हणाल्या, “आधी तिला जेवू द्या.” त्यानंतर आठ महिने आम्ही बोललो नाही.

पुढे जे थोडेफार जमले ते असे. नेत्याच्या नावाने बोलणे सुरू करायचे नाही, कारण नाव आले की दोघेही आपापल्या वकिलीला लागतो. प्रश्न विचारायचा तो त्याच्या आयुष्यातला : दुकान कसे चालले आहे, पोरीच्या परीक्षेचा पेपर फुटला त्याचे पुढे काय झाले. तेथे तो स्वतःच कधी कधी माझ्यापेक्षा कडक बोलतो, आणि अशा वेळी ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ हे शब्द गिळायचे असतात. ते मला अजून दर वेळी गिळता येत नाहीत. काही नात्यांत मात्र हेही करू नये : समोरचा आपल्या जातीचा, धर्माचा किंवा लेकीसुनांचा अपमान राजकारणाच्या नावाखाली करीत असेल तर गप्प बसणे हा समजूतदारपणा नव्हे, आणि तेथून उठून जाण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात भावाने घर बदलले आणि त्याचे नाव जुन्या प्रभागाच्या मतदार यादीत राहून गेले. नव्या मतदाराला नमुना ६ भरावा लागतो, पत्ता बदललेल्याला नमुना ८. शंका असल्यास १९५० या क्रमांकावर विचारता येते, आणि नवमतदारांसाठी आता वर्षातून चार अर्हता तारखा (ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात त्या) आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्याला हे ऑनलाइन जमत नव्हते. एका रविवारी दुपारी तो विजेचे बिल आणि ओळखपत्र घेऊन आमच्याकडे आला, मी चष्मा पुसून त्याचा नमुना ८ भरला, आणि बायकोने चहा केला. महिन्याभराने यादीत त्याचे नाव नव्या पत्त्यावर आले. मत तो कोणाला देणार आहे हे मला ठाऊक आहे.